हा मजकूर कुठनं आला? विकिपीडियावरची कॉपी आणि आपण

मिरजेतनं बोलतेय. आजच्या भागात पाहुणा नाही, मुलाखत नाही, मी एकटीच बोलणार आहे. विषय आहे मराठी विकिपीडियावरची कॉपी. म्हणजे असं की, कुणीतरी एक लेख टाकलाय. वाचायला छान आहे. पण दुसऱ्याच परिच्छेदात वाटायला लागतं, हे काय याचं स्वतःचं नाही बुवा, कुठनं तरी उचललंय. मग करायचं काय?

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं विकिपीडिया लिहितो. लिहीत नसाल, पण वाचता तर रोज. आपल्या गावाचं नाव, एखादा किल्ला, एखादा लेखक, फोनवर काहीही शोधलं की पहिल्या दोन-तीन निकालांत विकिपीडिया असतोच. आणि प्रत्येक पानावर 'संपादन' असं एक बटण असतं. ते तुमच्यासाठीच आहे. त्यामुळं उचललेला मजकूर दिसला तर तो फक्त तिथल्या जुन्या लोकांचा प्रश्न राहत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दुसऱ्यानं लिहिलेला कोड तपासणं हे माझं रोजचं काम. त्या कामात एक गोष्ट पहिल्या महिन्यातच शिकवतात: शेरा कोडवर मारायचा, कोड लिहिणाऱ्यावर नाही. "ही ओळ चुकतेय" म्हणायचं, "तुला येत नाही" म्हणायचं नाही. आज जे सांगणार आहे त्याचं सार हेच आहे. शंका मजकुरावर घ्यायची, माणसावर नाही. पण एकदा घेतली की मग ती शेवटपर्यंत न्यायची, अर्धवट सोडायची नाही.

आपल्याकडं शंका आली की साधारण दोन प्रकारची माणसं दिसतात. एक म्हणतो, "राहू दे की. मराठीत आधीच माहिती कमी, त्यात एकानं कष्ट करून टाकलंय, कशाला काढायचं?" दुसरा म्हणतो, "चोर आहे हा, उडवा सगळं, ब्लॉक करा." मला विचाराल तर दोघंही काम टाळतायत. पहिला तपासायचं टाळतो, दुसरा बोलायचं टाळतो.

आधी पहिल्याला उत्तर देते. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी. तेव्हापासून तो स्वयंसेवक लिहितायत, पगार कुणालाच नाही. आणि त्यावरचा सगळा मजकूर एका खुल्या परवान्याखाली असतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, सीसी बाय-एसए, सध्या ४.० आवृत्ती. त्याचा अर्थ साध्या मराठीत असा: हा मजकूर कुणीही घ्यावा, बदलावा, छापावा, अगदी विकावासुद्धा. अट एवढीच की मूळ लिहिणाऱ्यांना श्रेय द्यायचं आणि पुढचं कामही त्याच परवान्याखाली ठेवायचं.

आता बघा. तुम्ही एखाद्या लेखकाच्या पुस्तकातली दोन पानं विकिपीडियावर चिकटवली, तर तुम्ही नुसती कॉपी करत नाही. तुम्ही जगाला सांगताय की हे घ्या, वापरा, विका, आमची परवानगी आहे. सातबारा दुसऱ्याच्या नावावर, आणि आपण ती जमीन गावाला दान करून मोकळे झालो, असं आहे हे. दान घेणाऱ्यालाही नंतर त्रास होतो. कुणी तो मजकूर विश्वासानं शाळेच्या पुस्तिकेत छापला, तर उद्या नोटीस त्याच्या दारात येते. म्हणून "राहू दे की" चालत नाही.

आता दुसऱ्याकडं वळू, "उडवा सगळं" म्हणणाऱ्याकडं. त्यासाठी पुण्यात खरोखर घडलेली गोष्ट सांगते. साल २०११. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं भारतात एक शिक्षण कार्यक्रम सुरू केला आणि त्याचा पहिला प्रयोग पुण्यात केला. कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग पुणे, सिम्बायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अशा संस्थांतले विद्यार्थी त्यात होते. कल्पना चांगली होती. वर्गात असाइनमेंट म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे, शिकता शिकता जगालाही उपयोग. पोरांना मदत करायला कॅम्पस अँबॅसडर नेमले होते.

झालं काय, तर काही महिन्यांत इंग्रजी विकिपीडियावर पाठ्यपुस्तकांतनं आणि वेबसाइटांवरनं उचललेल्या मजकुराची लाट आली. जगभरातले स्वयंसेवक रात्री जागून एकेक बदल उघडून बघत होते, मूळ शोधत होते, काढत होते. विद्यार्थ्यांच्या चर्चापानांवर इशाऱ्यांवर इशारे. शेवटी नोव्हेंबर २०११ मध्ये तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला.

ती पोरं चोर होती का? मला नाही वाटत. आपण जिथं शिकलो तिथं काय चालतं आठवा. जर्नल कसं पूर्ण होतं? सीनियरची फाइल घ्यायची आणि उतरवायची. सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खं हॉस्टेल एकच असाइनमेंट लिहीत असतं. गाइडमधलं उत्तर जसंच्या तसं आलं तर मार्क पूर्ण, स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर अर्धा मार्क कमी. बारा-पंधरा वर्षं ज्यांना "उतरवणं म्हणजे अभ्यास" असं शिकवलंय, त्यांना एका सेमिस्टरमध्ये "स्वतःच्या शब्दांत लिहा" सांगून ते कसं जमणार? त्यातून कार्यक्रम एकदम मोठ्या संख्येनं सुरू झाला होता, आणि मदतीला नेमलेल्या अँबॅसडरांपैकी बऱ्याच जणांनाही संपादनाचा अनुभव थोडाच होता. विद्यार्थी जास्त, शिकवणारे कमी, तपासणारे दुसऱ्या खंडात. फुटणारच होतं ते.

यात दोन्ही बाजूंचं नुकसान झालं. स्वयंसेवकांचे महिने गेले. आणि ज्या पोरांना विकिपीडियाची पहिली ओळख लाल इशाऱ्यानं झाली, त्यांतली किती पुन्हा तिकडं फिरकली असतील? मराठी विकिपीडियाला हे अजिबात परवडणारं नाही. इथं नियमित लिहिणारी माणसं मुळात मोजकी. एक नवा माणूस पळाला तर कदाचित आपल्या तालुक्यावर लिहिणारा एकमेव माणूस पळाला.

तर मधला रस्ता काय? एक उदाहरण घेऊ, मी बनवलेलं आहे. समजा, कुणी नव्या सदस्यानं 'मिरजेची तंतुवाद्ये' असा लेख टाकला. एका झटक्यात बाराशे शब्द. नवा सदस्य, पहिलाच बदल, आणि भाषा अगदी घोटीव. तुम्हाला शंका आली. शंका कशावरनं येते? काही खुणा ठरलेल्या आहेत. मध्येच "आमच्या प्रतिनिधीने सांगितले" असं येतं, म्हणजे बातमी असणार. "मागील प्रकरणात पाहिल्याप्रमाणे" आलं, म्हणजे पुस्तक. बाणाची खूण करून दुसऱ्या नोंदीचा निर्देश, किंवा "चित्रपत्र" असा शब्द आला, तर बहुतेक मराठी विश्वकोश. जोडाक्षरं तुटलेली, काने-मात्रे उडालेले असतील, तर जुन्या फॉन्टातल्या पीडीएफवरनं आलंय. या खुणा आहेत, पुरावा नाही. लगेच निकाल द्यायचा नाही.

पायरी पहिली: कोणी कोणाचं घेतलं? लेखाच्या मधलं एखादं वेगळं वाक्य घ्या, आठ-दहा शब्दांचं, आणि अवतरणचिन्हांत टाकून शोधा. पहिलं वाक्य घेऊ नका, ते सगळीकडं सारखंच असतं. समजा एका वेबसाइटवर तेच वाक्य सापडलं. सापडलं म्हणजे चोरी सिद्ध झाली? नाही! विकिपीडियावरनं उचलणारे कमी आहेत का? बातम्यांच्या साइट, पर्यटनाचे ब्लॉग, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, सगळे तिथनंच घेतात, आणि श्रेय द्यायचं विसरतात. त्यामुळं तारखा बघायच्या. विकिपीडियावर 'इतिहास' नावाचा टॅब आहे. कुठला शब्द कुणी, कुठल्या दिवशी, किती वाजता टाकला ते सगळं तिथं दिसतं. समोरच्या पानाची तारीख वेबॅक मशीनवर बघा. जुनी वेबपानं साठवून ठेवणारी ती साइट आहे, फुकट आहे, फोनवर चालते.

इतिहासात आणखी एक गंमत दिसते. लेख हळूहळू वाढत गेला असेल, आज दोन ओळी, परवा एक दुरुस्ती, महिन्यानं एक परिच्छेद, आणि तोच अख्खा लेख दुसऱ्या साइटवर एकगठ्ठा असेल, तर त्यांनी आपला घेतलाय. आपल्याकडं एका मिनिटात बाराशे शब्द पडले असतील, आणि समोरचं पान त्याच्या पाच वर्षं आधीचं असेल, तर मग प्रश्न आहे.

तुलना करून देणारी साधनंही आहेत. 'अर्विगचा कॉपीव्हायो डिटेक्टर' नावाचं एक आहे, त्यात लेखाचं नाव टाकलं की ते जाळ्यावरच्या पानांशी ताडून टक्केवारी देतं. पण टक्केवारीवर विसंबू नका. संस्थेचं लांबलचक नाव, पुरस्कारांची यादी, यांनीही टक्केवारी फुगते. उलट मराठीत बरंचसं साहित्य छापील पुस्तकांत किंवा स्कॅन केलेल्या पानांत आहे, ते या साधनाला दिसतच नाही. त्याचा शून्य टक्के म्हणजे क्लीन चिट नव्हे. शेवटी डोळे आपलेच.

पायरी दुसरी: ज्याचं घेतलंय, त्याचा हक्क अजून चालू आहे का? इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून सावकाश सांगते. मराठी विकिपीडियावर कॉपीराइटला 'प्रताधिकार' म्हणतात. भारतात १९५७ चा कायदा आहे. लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकावर त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, आणि ती साठ वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. पूर्वी पन्नास होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ ला गेले, त्यांचा हक्क १९९१ अखेर संपत होता, त्या सुमारास मुदत दहा वर्षांनी वाढवली.

आपल्या भागातलीच नावं घेऊन हिशोब करू. नाटककार गोविंद बल्लाळ देवल, सांगलीजवळच्या हरिपूरचे, १९१६ ला गेले. त्यांचं लिखाण केव्हाच सगळ्यांचं झालं. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून मुक्त. अण्णाभाऊ साठे, आपल्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, १९६९ ला गेले, म्हणजे १ जानेवारी २०३० पर्यंत थांबा. वि. स. खांडेकर, जन्म सांगलीचा, गेले १९७६ ला, तर २०३७ उजाडावं लागेल. गदिमा, शेटफळ्याचे, १९७७ ला गेले, तर २०३८. "एवढे जुने लेखक आहेत, सगळ्यांचेच आहेत" हे भावना म्हणून ठीक. कायद्यात वर्ष मोजतात.

सरकारी प्रकाशनाला हिशोब वेगळा. तिथं प्रकाशनापासून साठ वर्षं. सातारा जिल्ह्याचं गॅझेटिअर महाराष्ट्र शासनानं १९६३ ला काढलं, सांगलीचं १९६९ ला. म्हणजे साताऱ्याचं भारतात २०२४ च्या सुरुवातीला मुक्त झालं, आणि सांगलीच्याला २०३० ची वाट बघायची. दोन शेजारी जिल्हे, एकसारखी पुस्तकं, उत्तर वेगळं! आणि वाईहून निघालेला मराठी विश्वकोश, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्याची घडी बसवली, त्याचा पहिला खंड १९७६ चा. सरकारी प्रकाशनाच्या हिशोबानं तोसुद्धा २०३६ संपेपर्यंत. विश्वकोश ऑनलाइन आहे, फुकट वाचता येतो, आणि मराठीत नोंद शोधली की तोच समोर येतो, म्हणून तिथनं उचलायचा मोह सगळ्यात मोठा. पण फुकट वाचायला मिळणं आणि मुक्त परवाना असणं यात फरक आहे. ग्रंथालयातलं पुस्तकही फुकटच वाचतो की आपण.

याउलट केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश. १९२० च्या दशकात निघालेले तेवीस खंड. केतकर १९३७ ला गेले, त्यामुळं त्यांच्या लिखाणाचा हक्क १९८८ सुरू होतानाच संपला. आणि विकिपीडियाचे सर्व्हर अमेरिकेत आहेत, त्यामुळं तिथला कायदाही बघावा लागतो. तिथं अशा जुन्या प्रकाशनांना ९५ वर्षांचा हिशोब असतो. ज्ञानकोश त्यातनंही पार झालाय. साताऱ्याचं १९६३ चं गॅझेटिअर मात्र त्या हिशोबात अडकू शकतं, म्हणून असं काही जसंच्या तसं टाकायच्या आधी चावडीवर विचारावं. मुक्त झालेलं अख्खं पुस्तकच जगापुढं ठेवायचं असेल, तर त्यासाठी विकिस्रोत नावाचा वेगळा भाऊ आहे विकिपीडियाचा.

आता 'साभार'. आपल्या व्हॉट्सॲपवर प्रत्येक फॉरवर्डखाली 'साभार' लिहिलेलं असतं, आणि आपल्याला वाटतं झालं, फिटलं. साभार हा शिष्टाचार आहे, परवानगी नव्हे. शेजाऱ्याची स्कूटर न विचारता नेली आणि मागं 'शेजाऱ्याची आहे, साभार' असं स्टिकर लावलं, तर चालेल का? कोडमध्येही असंच आहे. इंटरनेटवर कोड दिसतो म्हणून तो आपला नसतो. ज्या कोडला परवानाच लावलेला नाही, तो सगळ्यात बंद, कारण कुठलाच हक्क दिलेला नसतो.

"पण मी लेखकाला फोन करून विचारलंय, हो म्हणाले." चांगली गोष्ट आहे, पण फोन पुरत नाही. 'विकिपीडियाला वापरू दे' एवढंही पुरत नाही, कारण तिथनं पुढं जग वापरणार आहे, पैसे घेऊनसुद्धा. लेखकानं स्वतः, खुल्या परवान्याचं नाव लिहून, विकिमीडियाच्या परवानगी तपासणाऱ्या स्वयंसेवकांना ईमेल करावा लागतो. आणि करण्याआधी त्यांना नीट सांगा की याचा अर्थ काय होतो. नंतर त्यांना फसवल्यासारखं वाटायला नको.

पायरी तिसरी: नेमकं काय घेतलंय, माहिती की शब्द? माहितीवर कुणाचा मालकी हक्क नसतो. सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा एक प्रसिद्ध निकाल आहे, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स. 'हम हिंदुस्तानी' या नाटकाच्या लेखकाचं म्हणणं होतं की 'न्यू दिल्ली' हा चित्रपट त्यांच्या नाटकावरनं उचललाय. न्यायालयानं ते मान्य केलं नाही, आणि तत्त्व सांगितलं की कल्पना, विषय, कथानक, ऐतिहासिक घटना यांवर प्रताधिकार नसतो. तो असतो त्यांच्या मांडणीवर.

आपल्या उदाहरणात बघा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही माहिती. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ ला गेले, दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, ही माहिती. ही तुम्ही वर्तमानपत्रात वाचून खुशाल लिहा, फक्त कुठं वाचलं त्याचा संदर्भ द्या. पण त्या वार्ताहरानं लिहिलेलं सुंदर वाक्य, त्याची उपमा, त्यानं लावलेला क्रम, हे त्याचं.

आणि शब्द फिरवून चालत नाही, बरं का. समजा मूळ वाक्य आहे: "पंढरपूरच्या मातीतला भोपळा मिरजेच्या कारागिराच्या हातात आला की त्याला कंठ फुटतो." कुणी लिहिलं: "पंढरपूरच्या जमिनीतला भोपळा मिरजेच्या कलाकाराच्या हाती पडताच त्याला आवाज येतो." हे काय स्वतःचं झालं? सांगाडा तोच, कल्पना तीच, फक्त कपडे बदलले. स्वतःचं म्हणजे: "मिरजेत सतारीसाठी लागणारे भोपळे पंढरपूर भागातून येतात." कोरडं आहे? असू दे. ज्ञानकोशाला कोरडं चालतं.

मराठीत एक वेगळा सापळा आहे तो म्हणजे भाषांतर. इंग्रजी वर्तमानपत्रातला लेख मराठीत आणला की शोधयंत्राला काहीच सापडत नाही, म्हणून वाटतं सुटलो. पण भाषांतर करायचा हक्कही मूळ लेखकाचाच असतो. ॲपनं एका सेकंदात केलं तरी. अपवाद इंग्रजी विकिपीडियाचा. तिथला लेख मराठीत आणायला पूर्ण मोकळीक आहे, फक्त बदल जतन करताना सारांशात लिहायचं की अमुक लेखावरून भाषांतर केलंय. एक ओळ लागते. ती न लिहिणं हीसुद्धा श्रेयाची चोरीच.

पायरी चौथी: बोला. समजा खात्री झाली की परिच्छेद एका चालू हक्काच्या पुस्तकातनं आलेत. आधी तेवढेच परिच्छेद काढा, अख्खा लेख नाही. सारांशात कारण लिहा, मूळ कुठं आहे ते लिहा. मग प्रचालकांना कळवा, कारण काढलेला मजकूर 'इतिहास'मध्ये तसाच शिल्लक असतो. त्या जुन्या आवृत्त्या झाकायचा अधिकार प्रचालकांकडं असतो. अख्खाच लेख उचललेला असेल आणि एकही स्वच्छ आवृत्ती नसेल, तर मात्र पान काढावं लागतं, ते कामही त्यांचंच.

आणि त्या सदस्याच्या चर्चापानावर लिहा. तयार इशारा चिकटवू नका. (तोही कॉपी-पेस्टच की!) मी साधारण असं लिहीन:

"नमस्कार. मिरजेच्या तंतुवाद्यांवर लेख हवाच होता, तुम्ही विषय घेतलात याबद्दल आभार. त्यातला दुसरा आणि तिसरा परिच्छेद एका पुस्तकातल्या मजकुराशी जुळतो आहे, म्हणून तेवढा भाग सध्या काढला आहे. ते पुस्तक तुमचंच असेल तर कृपया कळवा, परवानगीची पद्धत सांगते. नसेल तर तीच माहिती तुमच्या शब्दांत, संदर्भ देऊन लिहाल का? आधी धूळपाटीवर लिहून बघा, मी वाचून सांगेन."

"पुस्तक तुमचंच असेल तर" हे वाक्य महत्त्वाचं आहे. कधी कधी तो माणूस स्वतःच मूळ लेखक निघतो. स्वतःचा ब्लॉग, स्वतःचा दिवाळी अंकातला लेख. त्याला चोर म्हटलात तर? आणि नसेल तरी "आभार" आणि "वाचून सांगेन" या दोन शब्दांनी माणूस थांबतो. धूळपाटी म्हणजे सरावाची जागा, तिथं चुकलं तरी कुणी ओरडत नाही. पण धूळपाटीवरही उचललेला मजकूर ठेवायचा नाही, तेही सर्वांना दिसणारं पानच आहे.

आता कुणी दोनदा-तीनदा सांगूनही तेच करत असेल, उत्तरच देत नसेल, तर? तर मग प्रचालकांनी थांबवलं पाहिजे, त्यात हळवं व्हायचं कारण नाही. आणि त्याचे आधीचे बदलही तपासायला हवेत, कारण सवय एका लेखापुरती नसते. कंटाळवाणं काम आहे ते. पुण्याच्या वेळी लोकांनी तेच केलं.

पायरी पाचवी, जी बहुतेक जण विसरतात. काढलेल्या जागी काहीतरी लिहा. परिच्छेद काढला, इशारा दिला, आणि निघून गेलो, तर मिरजेच्या सतारीचं पान रिकामं. उद्या शाळेतल्या मुलीनं फोनवर शोधलं तर तिला काय मिळणार? तुमची बरोबर असलेली कारवाई? तिला माहिती पाहिजे. म्हणून जो काढतो त्यानं निदान चार वाक्यं लिहावीत. वाद्यं कशापासून बनतात, कारागिरांची गल्ली कुठं आहे, मानांकन कधी मिळालं, कुणाची वाद्यं इथनं गेली. प्रत्येक वाक्याला संदर्भ. चार खरी, स्वतःची वाक्यं ही बाराशे उचललेल्या शब्दांपेक्षा जास्त टिकतात, कारण ती कुणाला काढावी लागत नाहीत.

फोटोचंही तेच. गुगलवरनं फोटो उतरवून चढवू नका. तुमच्या खिशात कॅमेरा आहे. कारागिरांच्या दुकानात जा, विचारा, फोटो काढा, स्वतःच्या नावानं विकिमीडिया कॉमन्सवर टाका. तो तुमचा फोटो, तुमचा हक्क, तुम्ही दिलेली परवानगी. जगात कुणालाही मिरजेच्या सतारीचा फोटो हवा असेल तर तो तुमचा वापरेल, खाली तुमचं नाव येईल.

आता चॅटबॉटचं. "मी एआयकडनं लिहून घेतलं, ते तर कॉपी नाही ना?" शोधून बघितलं तर जुळणी सापडणार नाही, खरंय. पण त्यातलं वाक्य कुठनं आलं हे तुम्हालाच माहीत नसतं, आणि त्यानं दिलेला संदर्भ उघडून बघितला तर पुष्कळदा तसं पुस्तकच नसतं. संदर्भाचं पुस्तक तुम्ही स्वतः उघडलं नसेल, तर ते वाक्य तुमचं नाही. आणि जे तुम्ही तपासलं नाही, त्याची जबाबदारी घेणार कोण?

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. आपल्या गावाचं किंवा तालुक्याचं मराठी विकिपीडियावरचं पान उघडा. वाचा. एखादा परिच्छेद फारच घोटीव वाटला तर मधलं एक वाक्य अवतरणचिन्हांत शोधा. 'इतिहास' बघा. काही सापडलं तर चर्चापानावर नम्रपणे लिहा. काही सापडलं नाही तर तुम्हाला माहीत असलेली, संदर्भ देता येईल अशी एक ओळ वाढवा. खातं काढायला दोन मिनिटं लागतात. अडलं तर चावडीवर विचारा, तिथं मराठीतच उत्तर मिळतं.

तुम्ही कुठल्या गावाचं पान उघडलंत आणि काय सापडलं ते मला कळवा. त्यातली चांगली उदाहरणं पुढच्या एखाद्या भागात घेईन, अर्थात तुम्हाला विचारून.